फेज गेला, व्होल्टेज राहिला

अणुवीज केंद्राच्या विद्युत देखभाल विभागातून निवृत्त झाल्यावर मी सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात, आपल्या गावी परतलो आणि उपसा सिंचन संस्थांच्या पंपघरांतील मोटरी व रिले (बिघाड होताच पुरवठा तोडणारी उपकरणे) तपासून देऊ लागलो. एका उन्हाळ्यात कृष्णाकाठच्या अशाच एका संस्थेच्या सचिवांनी तातडीने बोलावले. रात्रीच्या पाळीत 75 एचपीची एक मोटर जळाली होती, दुसरी हात लावता येणार नाही इतकी तापली होती आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (तीनपैकी एक फेज गेला की मोटर बंद करणारे उपकरण) बसवलेला असूनही त्याने एकही मोटर बंद केली नव्हती. विकणाऱ्याने फसवले, असे संचालकांचे ठाम मत झाले होते.

वाइंडरने स्टेटर, म्हणजे मोटरचा कॉइल असलेला स्थिर भाग, उघडून ठेवलाच होता. कॉइलच्या तीन गटांपैकी दोन काळेठिक्कर पडले होते आणि तिसऱ्यावरचे वॉर्निश जसेच्या तसे होते. मोटर डेल्टात, म्हणजे कॉइलचे तीन गट त्रिकोणात जोडून, चालणारी असल्याने मला यात बरेच काही दिसले. पंपघरातला फ्यूज किंवा स्टार्टरचा कॉन्टॅक्ट गेला असता, तर एका गटातून इतर दोघांच्या दुप्पट करंट वाहिला असता आणि तो एकच गट आधी जळाला असता. दोन जळून एक वाचतो तेव्हा दोष ट्रान्सफॉर्मरच्या वरच्या, म्हणजे 11 केव्ही (11 हजार व्होल्ट) बाजूला शोधावा लागतो, कारण डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मरचा वरचा एक फेज तुटला की खालच्या तीन फेजमध्ये करंट दोन, एक, एक अशा प्रमाणात वाटला जातो आणि तो डेल्टा मोटरच्या दोनच गटांतून वाहून तिसरा सुटतो. डीपीवरचे (ट्रान्सफॉर्मरच्या खांबांवरचे) तिन्ही डीओ, म्हणजे ड्रॉप-आउट फ्यूज, जागेवर असल्याने तिकडे कोणी बारकाईने पाहिले नव्हते. लाइनमनने लाइन बंद ठेवण्याचे परमिट घेऊन वर चढून पाहिले, तेव्हा एका फेजचा जंप (जोडतार) क्लॅम्पमध्येच जळून सुटलेला निघाला. खालून पाहणाऱ्याला तो धरून असल्यासारखाच दिसत होता.

ऑपरेटर बिचारा दोन दिवस बोलणी खात होता. मी विचारले, तेव्हा त्याने सरळ सांगितले, "साहेब, मीटर 370 व्होल्ट दाखवत होता. आपल्या फीडरला एरवी तरी यापेक्षा जास्त कुठं असतोय? तिसरी मोटर चालू करून बघितली, तर ती नुसतीच गुरगुरली." त्याचे काही चुकले नव्हते. पॅनेलवर करंट मोजणारा एकच अ‍ॅमीटर होता आणि तोही दुप्पट करंट वाहणाऱ्या फेजवर नव्हता. ओव्हरलोड रिले मात्र, वारंवार पडतो (ट्रिप होतो) म्हणून, कोणीतरी मोटरच्या नेमप्लेटवरील करंटच्या बराच वर नेऊन ठेवला होता.

प्रिव्हेंटर काढून त्याचा एक फेज तोडून पाहिला, तर तो तत्काळ पडला. मग संचालकांसमोर पाच एचपीची एक मोटर प्रत्येक फेजला वेगळा एमसीबी (छोटा ब्रेकर) लावून बिनभाराची चालवली आणि एक एमसीबी पाडला. मोटर फिरतच राहिली. तोडलेल्या फेजच्या टर्मिनलवर न्यूट्रलच्या संदर्भात 200 व्होल्टच्या आसपास दाब दिसत होता आणि प्रिव्हेंटर स्वस्थ होता. फिरती मोटर हरवलेल्या फेजचा व्होल्टेज स्वतःच तयार करते, त्यामुळे केवळ व्होल्टेज पाहणारे उपकरण फसते. त्या रात्री पाळी संपत आल्याने व्हॉल्व्ह दाबलेले होते, मोटरींवर भार कमी होता, म्हणून ही फसवणूक अधिकच साधली.

नोकरीत असताना याच विषयावरचे एक प्रकरण आम्ही बारकाईने अभ्यासले होते. 30 जानेवारी 2012 रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या बायरन अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या युनिटमध्ये 345 केव्ही स्विचयार्डातील एक इन्सुलेटर तुटला आणि सी फेज गेला. अणुभट्टी बंद झाली, परंतु सुरक्षा उपकरणांना वीज देणाऱ्या पट्ट्या, म्हणजे बसबार, त्या सदोष पुरवठ्यालाच जोडलेल्या राहिल्या. तेथील अंडरव्होल्टेज रिले ए-बी आणि बी-सी या दोन जोड्या पाहत आणि दोन्हींचा व्होल्टेज पडला तरच पुरवठा तोडत; ए-बी ठीक असल्याने ते स्वस्थ बसले. डिझेल जनरेटर असूनही ते बसबारशी जोडले गेले नाहीत. सुमारे आठ मिनिटांनी नियंत्रण कक्षातील माणसांनी दोष ओळखून ब्रेकर हाताने उघडले, तेव्हा डिझेलचा पुरवठा सुरू झाला. तेथील अणुनियामक आयोगाने जुलै 2012 मध्ये सर्व केंद्रांना पत्रक पाठवून या उणिवेबाबत विचारणा केली. एकही रिले बिघडलेला नव्हता. एक फेज तुटला तर काय, हा प्रश्न आराखड्यात कोणी विचारलाच नव्हता.

संचालकांना मी हे सारे सांगितले नाही, सचिवांना सांगितले. करंटवर चालणारे प्रिव्हेंटर आणि तिन्ही फेजना अ‍ॅमीटर बसवावेत, ओव्हरलोड रिले नेमप्लेटवर आणावेत आणि जंपचे क्लॅम्प दर हंगामाआधी तपासावेत, असे लेखी दिले. सभेत प्रिव्हेंटर मंजूर झाले, अ‍ॅमीटर पुढील हंगामावर गेले, आणि पहिल्या विक्रेत्याला द्यायची नोटीस सचिवांनी परत घेतली.