पहिला पट्टा: धारावीचं चामडं आणि पलंगाची नवार

आज सकाळी 41वी दाढी झाली. वस्तरा अजून धार काढायच्या दगडावर परत गेलेला नाही, आणि गळ्याखालची आगही बंद झाली आहे. दाढीआधी वस्तऱ्याची धार ज्या चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून नीट करतात, त्याबद्दल मागच्या नोंदीत "पट्ट्याचं बघतोय" एवढंच लिहून मी गायब झालो होतो, त्याचा हा हिशेब.

वस्तरा तोच. जुना झोलिंगनचा, 5/8 इंच रुंदीच्या पात्याचा, दोन्ही अंगांनी खोल पोखरलेला, नखावर दाबला तर पातं वाकलेलं दिसावं इतका पातळ. एका जाणत्या मित्राने 12000 नंबरच्या, म्हणजे अगदी बारीक दगडापर्यंत नेऊन धार काढून दिली होती. देताना बजावलं होतं, "पट्टा ही धार टिकवेल, नसलेली धार आणणार नाही." तेव्हा मान डोलावली, पण ते डोक्यात शिरायला दोन महिने गेले.

निवडताना माझं सगळं लक्ष जनावरावर होतं. गाय, म्हैस, घोडा, घोड्याच्या पुठ्ठ्याचं कॉर्डोव्हान, रशियन चामडं. कोणतं जास्त ओढतं, कोणतं गुळगुळीत, यावर रात्री जागून वाचन. शेवटी एक जर्मन पट्टा पक्का केला. मग पोस्टेज आणि कस्टम्स मिळवून बेरीज केली आणि लॅपटॉप मिटला. पहिला पट्टा नवशिक्या हाताने कापला जातोच, असं सगळेच सांगतात. कापायलाच घ्यायचा तर इतका महाग कशाला? दुसरं म्हणजे तो जेमतेम सव्वादोन इंच रुंद होता. माझ्या वस्तऱ्याची धार जवळजवळ तीन इंच. अरुंद पट्ट्यावर पातं ओढता ओढता तिरकं सरकवावं लागतं, म्हणजे टाचेपासून (मुठीकडच्या बाजूपासून) टोकापर्यंत सगळी धार चामड्याला लागते. ज्याला सरळ ओढताना मनगट सांभाळता येत नाही, त्याने ही तिरकी चाल पहिल्याच दिवशी शिकायची?

मधल्या काळात एक स्वस्त तयार पट्टा ऑनलाइन मागवला. त्याबद्दल एकच वाक्य: चामड्याचा भुगा दाबून वर रंग मारलेला होता, परत पाठवला.

मग धारावी. दुकानदाराने विचारलं, "बेल्ट बनाना है?" वस्तऱ्यासाठी पट्टा हवाय म्हटल्यावर तो हसला. "अब तो सब आधा ब्लेड लगाते हैं." खरंच आहे. गावी न्हावीकाकांच्या धोकटीत काळा तेलकट पट्टा असायचा. त्यावर आठ-दहा हात मारून झाले की शेवटचे दोन तळहातावर. आता सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं अर्धं पातं, आणि ते योग्यच आहे. पट्टा फक्त आमच्यासारख्या रिकामटेकड्यांना लागतो.

त्याने आधी एक मऊसूत तुकडा पुढे केला. कापलेली कड बघितली तर आतून निळसर करडी, म्हणजे क्रोमने कमावलेलं. असं चामडं ताणलं की लांबतं. मला आतपर्यंत तपकिरी असलेलं, झाडाच्या सालीने कमावलेलं हवं होतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्या जातीचं. बाजारात त्याला "व्हेज" म्हणतात. चामडं, आणि तेही व्हेज! घरी हे सांगितल्यावर आई दोन दिवस हसत होती.

म्हशीचं, साधारण तीन मिलिमीटर जाडीचं, 3 इंच रुंद आणि 22 इंच लांब पट्टी कापून घेतली. दोन्ही टोकांना कड्या लावल्या आणि खिडकीच्या गजाला टांगली.

पहिल्या पाच दाढ्या बऱ्या झाल्या. सहावीला गालावर मधोमध ओढल्यासारखं व्हायला लागलं. नवव्या दाढीपर्यंत टाच आणि टोक छान चालत होतं, मधला इंचभर मात्र केस उपटत होता. मी सगळा दोष धारेला दिला आणि मित्राला फोन करून वस्तरा परत पाठवतो म्हणालो. तो म्हणाला, "आधी पट्ट्यावर आडवी स्टीलची पट्टी ठेव आणि उजेडासमोर बघ." बघितलं. मधे फट! चामड्याच्या दोन्ही कडा वर आल्या होत्या, पन्हाळीसारख्या. पात्याची दोन टोकं घासली जात होती आणि मधला भाग हवेत तरंगत होता.

कारण नंतर कळलं. दुकानदाराने पट्टी जनावराच्या पोटाकडच्या भागातून कापली होती. तिथलं चामडं सैल विणीचं असतं, ते ताणतं आणि वेडंवाकडं होतं. पाठीचा भाग घट्ट आणि एकसारखा. गाय की म्हैस यावर मी महिना घालवला, पण पोट की पाठ हे विचारायचं सुचलंच नाही. दुसऱ्या फेरीत "पीठ का दो" म्हणालो. दुकानदाराने काही न बोलता दुसरा थान उलगडला. पहिल्यांदाच का नाही सांगितलं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

नवी पट्टी टांगल्यावर पुढची चूक माझी. पट्टा सैल धरत होतो. पट्ट्याला झोल आला की चामडं धारेभोवती वर चढतं आणि धार गोल होत जाते. आता डाव्या हाताने ताणून धरतो, पण वस्तऱ्यावर जोर देत नाही, त्याचं वजनच पुरतं. वस्तऱ्याची पाठ, म्हणजे जाड बोथट कड, पुढे, धार मागे. वळवताना पाठ चामड्याला टेकलेली ठेवून पातं तिच्यावरूनच उलटवायचं, उचलायचं नाही. 14व्या दिवशी फोन वाजला, मी घाईत वस्तरा उचलून उलटवला आणि पट्ट्यावर चंद्रकोर उमटली. सुटलेली कातडी फेव्हिबॉन्डने चिकटवली, सुकल्यावर बारीक पॉलिश पेपर मारला. बोटाला अजून किंचित जाणवते. तो महाग जर्मन पट्टा घेतला असता तर त्या दिवशी रडलो असतो.

चामड्याआधी कापडावर फिरवण्यासाठी लिननची पट्टी वापरतात. मला ती मिळेना. मग माळ्यावर आजोबांच्या पलंगाची सुती नवार सापडली, अडीच इंच रुंद, घट्ट विणीची. साबणाने दोनदा धुतली, ओली असतानाच ताणून वाळवली आणि चामड्याच्या मागे टांगली. अर्धा इंच कमी पडतो म्हणून इथे थोडं तिरकं ओढतो. तोवर हात बसला होता. सध्या नवारीवर 20 फेऱ्या, चामड्यावर 50. एका फेरीत जाणं-येणं दोन्ही धरतो. नवार लावल्यापासून धारेत जो फरक पडला, तो चामडं बदलूनही पडला नव्हता. धारेला पॉलिश करणारी हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट आणून ठेवली आहे, पण ती या पट्ट्याला लावणार नाही. एकदा लावली की चामडं पुन्हा कोरं होत नाही. तिच्यासाठी लाकडी फळीवर पोटाकडचा तो जुना तुकडा चिकटवला आहे. फळीवर सपाट बसला की त्याची पन्हाळ होत नाही.

जूनमध्ये आठवडाभर पट्टा बाथरूमबाहेर टांगलेला राहिला आणि त्यावर पांढरी बुरशी आली. कोरड्या फडक्याने पुसून उन्हाची वाट बघितली. मुंबईच्या पावसात तेही तीन दिवसांनी आलं. तेव्हापासून पट्टा कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. वस्तऱ्याला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब.

पट्ट्यावर आतापर्यंत तीन जखमा, हनुवटीवर दोन. पट्ट्यावरची शेवटची 29व्या दाढीच्या वेळची. जर्मन पट्ट्याचं पान अजून उघडं आहे, पण 60 दाढ्या होईपर्यंत पैसे भरायचे नाहीत असं ठरवलंय. नवार अजून चार हात उरली आहे, ती त्या मित्राने मागून घेतली.