न पेरल्याचे पैसे

अमेरिकेत, आयोवा राज्याच्या दक्षिणेला एका छोट्या काउंटीत मी लोकांची करविवरणपत्रं भरून देते. इथल्या शेतकऱ्यांची घाई १ मार्चपर्यंत. तोवर विवरणपत्र देऊन कर चुकता केला, की वर्षभर आगाऊ कराचे हप्ते भरावे लागत नाहीत. त्यामुळे फेब्रुवारीत माझ्या टेबलावर बुटांची खोकी येतात, आत बियाणं, डिझेल, गुरांचा डॉक्टर अशा सगळ्या पावत्या कोंबलेल्या. त्यातच सीआरपीचा कागद.

सीआरपी म्हणजे कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्राम, १९८५ सालचा. धूप होणारं रान १० ते १५ वर्षं पिकाखालून काढायचं, त्यावर गवत धरायचं आणि सरकारकडून एकरी भाडं घ्यायचं. पैसे येतात ऑक्टोबरात. आबांना हे पहिल्यांदा फोनवर सांगितलं. ते माणदेशातले, ७२च्या दुष्काळात बंडिंगवर, म्हणजे बांधबंदिस्तीच्या कामावर, माती उपसलेले. म्हणाले, "मग आपला माळ चाळीस वर्षं पडूनच हाय की! थकबाकी द्या म्हणावं."

इथेही बोलणारे बोलतातच. कोणाला किती मिळाले ते इंटरनेटवर नावानिशी दिसतं. सकाळी कॉफीला जमणारी म्हातारी मंडळी शेजाऱ्याचा आकडा तोंडपाठ सांगतात.

माझ्याकडे येणाऱ्या एका पंचाहत्तरीच्या बाईंचा आकडा ९,९२० डॉलर. ६२ एकर, एकरी १६०. त्यांचे जुने कागद चाळले तर आधीच्या माणसाने या भाड्यावर १५.३ टक्के स्वयंरोजगार कर लावून ठेवलेला. सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन, घेणाऱ्यांना २००८पासून या भाड्यावर तो माफ आहे! वर्षाला सुमारे १,४०० डॉलर फुकट गेले होते. तीन वर्षांची विवरणपत्रं दुरुस्त करून दिली. परतावा आल्यावर बाई मला जूनमध्ये रान दाखवायला घेऊन गेल्या.

गवत खांद्याला लागत होतं. मधूनमधून जांभळ्या फुलांची काटेरी झुडपं. ती वाढू दिली तर कराराचा भंग, आणि १५ मे ते १ ऑगस्ट पक्ष्यांची घरटी म्हणून कापणी बंद. तेवढीच झुडपं काढायची तर आधी परवानगी आणायची. बाई फावडं घेऊन एकेक मुळासकट उपटत होत्या. खाली ओढ्याकडे एक घळ दाखवली. सासऱ्यांच्या काळात इथे मका असायचा, तेव्हा या घळीत ट्रॅक्टरचं चाक अडकलं होतं म्हणे. आता तळाला गवत. आबा असते तर आधी तिथे खाली उतरले असते.

२०१२ साली मका बुशेलला, म्हणजे सुमारे २५ किलोला, आठ डॉलरच्या वर गेला. देशात २००७ साली ३.६८ कोटी एकर या योजनेत होतं. भाव चढले तसे करार संपलेल्यांनी नांगर घातले. बाईंनी नाही घातला. आता त्यांचा करार ३० सप्टेंबरला संपतोय. शेजारचा तरुण एकरी २१० द्यायला तयार आहे, आणि दूर राहणारा मुलगा म्हणतो, देऊन टाक. मी दोन्ही हिशेब एका कागदावर मांडून दिले. पडीक रानाच्या बाजूने मन असूनही तो शेजारी मला चुकीचा वाटत नाही. त्याला कर्ज फेडायचंय.

बाईंनी कागदाची घडी पर्समध्ये ठेवली आणि खोकं पुढे सरकवलं. यंदाही त्यात फावड्याच्या नव्या दांड्याची पावती होती, १८ डॉलरची. खर्चात धरली.