संमिश्र संख्येला लोजबानमध्ये काय म्हणायचं?

लोजबान ही तर्कशास्त्रावर बेतलेली, मुद्दाम घडवलेली भाषा. लॉजिकल लँग्वेज ग्रुपने १९८७ मध्ये तिचं काम हातात घेतलं, त्याआधी १९५५ पासून जेम्स कुक ब्राउन यांची लॉगलान ही अशीच घडवलेली भाषा होतीच, त्यातूनच ही निघाली. मूळ शब्द साडेतेराशेच्या आसपास, त्यांना गिस्मु म्हणतात, रोमनमध्ये प्रत्येक बरोब्बर पाच अक्षरी, आणि ते बनवताना चिनी, हिंदी, इंग्रजी, रशियन, स्पॅनिश, अरबी अशा सहा भाषांमधले आवाज धरलेत.

पण मला ती आवडते ते तिथल्या व्याख्यांमुळे. प्रत्येक शब्दाला ठरलेल्या जागा असतात आणि व्याख्या करायची म्हणजे त्या जागांवर कोण बसणार ते ठरवायचं. रातनी म्हणजे अणू, तर पहिल्या जागी तो अणू, दुसऱ्या जागी मूलद्रव्याचा अणुक्रमांक, तिसऱ्या जागी आयसोटोपचा आकडा. म्हणजे लोखंडाचा अणू म्हणायचा तर दुसऱ्या जागी २६ टाका, झालं! उद्या नवं मूलद्रव्य सापडलं आणि त्याचं बारसं व्हायचं असलं तरी आज त्याच्याबद्दल बोलता येतं, हे किती भारी आहे.

मूळ शब्दात नसेल तर जोडशब्द. दोन शब्द नुसते शेजारी ठेवले की तान्रू, आणि तो सैल असतो, गेरकु झदानी म्हणजे कुत्रा-घर, मग कुत्र्यासाठीचं घर की कुत्र्याच्या आकाराचं घर ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. शास्त्रात असं चालत नाही. म्हणून त्यांचे तुकडे जोडून गेरझदा करतात, हा लुझवो, याचा अर्थ एकच आणि जागाही पक्क्या: घर, कुठल्या कुत्र्याचं, कुठल्या जातीच्या कुत्र्याचं.

आता संमिश्र संख्या, म्हणजे ३ + २i सारखी, एक साधा भाग आणि एक i चा भाग असलेली संख्या (i म्हणजे -१ चं वर्गमूळ). इंग्रजीत कॉम्प्लेक्स नंबर म्हणतात म्हणून सरळ प्लुझा म्हणजे गुंतागुंतीचं आणि नामशु म्हणजे संख्या जोडून टाकायचं मनात येतं. पण प्लुझाच्या जागा बघा ना, काय गुंतागुंतीचं आहे, कुठल्या बाबतीत, आणि कुठल्या मापदंडाने. ३ + २i ला हे प्रश्न विचारले तर उत्तरच नाही, कारण ती गुंतागुंतीची नाहीच, तिला फक्त दोन मिती आहेत! इंग्रजीची अशी आंधळी नक्कल केली की लोजबानवाले त्याला मालग्लिशो म्हणतात, आणि तो शब्द प्रेमाने वापरत नाहीत. त्यापेक्षा रेलशिमदिनाहु, म्हणजे दोन-मितींची संख्या, मला कितीतरी पटीने योग्य वाटतो. लांब आहे, मान्य, पण ऐकणाऱ्याला वस्तू कळते.

उसना शब्द घ्यायचीही सोय आहे, त्याला फुहिव्ला म्हणतात, शब्दाच्या आधी वर्ग सांगणारा तुकडा लावायचा, स्पॅगेटीच्या आधी अन्नाचा, असं. पदार्थ, झाडं, प्राणी यांना तेच बरं, तिथे उगाच जोडशब्द पाडत बसू नये असं माझं मत. गणित आणि कॉम्प्युटरमध्ये मात्र आधी जागा लिहून बघाव्यात. प्रोग्रामला सामसेलप्ला म्हणतात, स्कामी म्हणजे कॉम्प्युटर आणि प्लातु म्हणजे आराखडा आखणे यांच्यापासून, प्लातुच्या जागा फिरवून आखणाऱ्याऐवजी आराखडा पुढे आणलाय. मग लिहिणारा कोण, काम काय, कुठल्या मशीनवर चालणार, यातल्या किती जागा ठेवायच्या? माझं म्हणणं, ज्या जागा भरल्याशिवाय प्रोग्राम प्रोग्रामच ठरत नाही तेवढ्याच, बाकीचं वाक्यात वेगळं जोडता येतंच.