शटरची खूण

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला. तेव्हा वर्ग, बाक, गॅदरिंग यांच्याआधी मला आठवली ती प्रयोगशाळेशेजारची खोली आणि तिथला शटरचा टीव्ही. ब्लॅक अँड व्हाइट. दोन्ही बाजूंना सरकणाऱ्या लाकडी पट्ट्या, मध्ये लहानसं कुलूप. किल्ली मुख्याध्यापक सरांच्या कोटाच्या खिशात असायची. रविवारी सर स्वतः येऊन कुलूप काढायचे आणि गावात ज्यांच्याकडे टीव्ही नाही, अशा सगळ्यांना ती खोली मोकळी असायची. विद्यार्थीच पाहिजे अशी अट नव्हती. म्हणून तर माझा दादा तिथे येऊ शकला.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. तसल्या मुलांची शाळा लांब शहरात, तिथे ठेवायचं कुणाकडे, असं म्हणता म्हणता त्याचं शाळेचं वय निघून गेलं आणि तो वडिलांबरोबर शेतात राबू लागला. घरात आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. मिशीवर बोट फिरवलं की वडील, कपाळावर टेकवलं की आई. उंबऱ्याबाहेर मात्र त्या खुणा कुणाला कळत नसत.

दिवस पक्का लक्षात आहे, रविवार, २ ऑक्टोबर १९८८. मी नववीत होतो. सकाळी गांधी जयंतीची प्रभातफेरी झाली, मैदान झाडून झालं, आणि नऊच्या आत अख्खा गाव त्या खोलीत. रामायण संपून दोन महिने झाले होते आणि त्या दिवशी महाभारताचा पहिला भाग होता. बाजरीची काढणी चालू असूनही वडिलांनी दादाला माझ्याबरोबर पाठवलं. राजा भरत आपल्या पोटच्या मुलांना बाजूला ठेवून भूमन्यूला युवराज करतो, हे पाहून म्हातारी माणसं आपसात बोलू लागली. दादाला मी जमेल तसं सांगत होतो. मुकुट कळला, मुलगा कळला, पण पोटच्या मुलांना का नाही, हे काही मला हातांनी सांगता येईना.

भाग संपला तशी निम्मी गर्दी उठून गेली. दादा उठला नाही. त्या काळात एकाच पडद्यावर एका दिवसात काय काय येऊन जायचं! वाहिनी एकच, दूरदर्शन, आणि आम्हाला ती दिसायची सिंहगडावरच्या प्रक्षेपण मनोऱ्यावरून. आठवड्यात संध्याकाळी ‘आमची माती आमची माणसं’ लागायचं, त्यातलं खतांचं आणि फवारणीचं वडील शेजारच्या ओसरीवर बसून मन लावून ऐकत. रविवारी मधल्या वेळात कधी सतारवादन, कधी कुठल्याशा राज्याचं लोकनृत्य, कधी माहितीपट. पाखरं जाळ्यासकट उडून जातात तो छोटा चित्रपट लागला की दादा पुढे अनेकदा टाळ्या पिटायचा. त्याला शब्दांची गरजच नव्हती. तो विजया मुळे यांनी केला होता, हे मला फार उशिरा कळलं.

दुपारी कर्णबधिरांसाठी बातम्या लागल्या. हे साप्ताहिक बातमीपत्र आदल्या वर्षीच सुरू झालं होतं, पण आमच्या खोलीत तेवढ्या वेळात सगळे पाणी प्यायला उठत. त्या दिवशी दादा ताडकन उठला आणि थेट टीव्हीपुढे जाऊन उभा राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, “ए, बस की खाली!” सरांनी हात वर केला, सगळे गप्प झाले. पडद्यावर बातम्या हातांनी सांगितल्या जात होत्या. दादाने काचेवर बोट ठेवलं, मग तेच बोट स्वतःच्या छातीवर, आणि माझ्याकडे वळून पाहिलं. आपल्यासारखं आणखी कुणी जगात आहे, हे माझ्या भावाला अठराव्या वर्षी समजलं. त्यातली एकही खूण आमच्या घरातली नव्हती, त्याला बातमी काहीच कळली नसणार. तरी ती संपेपर्यंत तो हलला नाही.

पुढच्या रविवारपासून सरांनी पहिल्या रांगेत त्याच्यासाठी खुर्ची ठेवली. बाकी सगळे सतरंजीवर.

त्या बातम्यांनंतर प्रादेशिक चित्रपट लागायचा. कधी मल्याळम, कधी उडिया, कधी असमिया. तळाला इंग्रजी ओळी, त्या वाचून होईतो पुढचा प्रसंग सुरू. आम्ही पाच-सात जणच उरायचो. भाषा कुणालाच येत नसायची, आणि दादाला ते सोपं जायचं, कारण त्याने आयुष्यभर माणसं तशीच वाचली होती. बायको का रुसली, म्हाताऱ्याने पोस्टमनला पाहून तोंड का फिरवलं, हे तो आम्हाला समजावून द्यायचा. दोन महिन्यांत पोरं त्याच्या शेजारची जागा धरायला भांडू लागली. माझ्या भावाला विचारल्याशिवाय कुणाचं काही अडतंय, हे मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं.

त्या दिवशी संध्याकाळी हिंदी चित्रपटाला खिडक्यांतही माणसं होती, मध्येच पडद्यावर मुंग्या आल्या तर केवढा आरडाओरडा! रात्रीच्या बातम्यांत सोल ऑलिंपिकचा समारोप होता. आपल्याला तिथे एकही पदक मिळालं नव्हतं, त्यावर वाटेने चालताना मोठी माणसं हळहळत होती. दादा मात्र अंधारात हात हलवत पुढे चालला होता, दुपारी पाहिलेल्या खुणा पुन्हा पुन्हा करत.

मला नेहमी वाटतं, त्या खोलीत दुसरी एखादी वाहिनी लागत असती, तर त्या दुपारी कुणीतरी बटण फिरवलंच असतं.

दादाचं नाव आपल्या शाळेच्या हजेरीपटावर कधीच नव्हतं. पण शाळेसाठी त्याने स्वतःची एक खूण केली. दोन्ही तळवे छातीसमोर जुळवायचे आणि शटर उघडावं तसे बाजूला सरकवायचे. स्मरणिकेचं पत्र मी त्याला दाखवलं. वरचा शाळेचा शिक्का त्याने नीट निरखून पाहिला, पत्र मांडीवर ठेवलं, आणि तळवे जुळवून सावकाश बाजूला सरकवले.