डेरियनच्या अठरा सह्या

बुधवार, अटलांटा

जॉर्जिया राज्याच्या विधानसभेत आज स्कॉटिश वारशाचा गौरव करणारा ठराव वाचण्यात आला. आमच्या शेजारी राहणारे स्कॉटिश वंशाचे एक आजोबा त्यासाठी आपल्या मंडळातील लोकांबरोबर कॅपिटॉलमध्ये गेले होते आणि त्यांच्या आग्रहावरून मीही प्रेक्षक सज्जात जाऊन बसले. परत आल्यापासून डोक्यात तोच विषय घोळतो आहे, म्हणून झोपण्यापूर्वी सविस्तर लिहून ठेवते.

येथील अधिवेशनाला मुदतीचा धाक असतो. जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी ते सुरू होते आणि राज्यघटनेने कामकाजासाठी त्याला केवळ ४० दिवस दिलेले आहेत. हे दिवस सलग धरत नाहीत, त्यामुळे ते मार्चअखेर किंवा एप्रिलच्या आरंभापर्यंत पुरवले जातात. पण ठरलेल्या दिवसापर्यंत जे विधेयक एका सभागृहातून मंजूर होऊन दुसऱ्याकडे गेले नाही, त्याचा त्या वर्षापुरता बहुधा निकाल लागलेला असतो. एवढी घाई असतानाही दिवसाचा आरंभ मात्र सावकाश होतो. १८० सदस्यांची हजेरी, धर्मोपदेशकाची प्रार्थना, राष्ट्रध्वजाला वंदन, आदल्या दिवसाच्या इतिवृत्ताला मान्यता, नव्या विधेयकांचे पहिले वाचन, ज्यात लिपिक फक्त मथळे वाचत जातो, आणि मग सदस्यांची वैयक्तिक निवेदने. कुणी आपल्या मतदारसंघातील दिवंगत शिक्षकाविषयी बोलतो, कुणी रस्त्यांविषयी तक्रार मांडतो. पाहुण्यांच्या सन्मानाचे ठराव साधारण याच टप्प्यावर येतात. त्यानंतर फलकावर हिरवे आणि लाल दिवे लागू लागले की खऱ्या मतदानाला तोंड फुटते.

आजोबांनी किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घागरा, घातला होता. तो मी आज प्रथमच इतक्या जवळून पाहिला. मागच्या बाजूच्या चुण्या अशा मापून घातलेल्या असतात की चुणी दुमडल्यावरही टार्टनच्या चौकडीची नक्षी तुटत नाही. एक रेघ जिथे आत जाते तिथूनच पुढच्या चुणीवर तीच रेघ बाहेर येते. मोज्यात खोचायचा छोटा चाकू त्यांनी घरीच ठेवला होता, कारण सुरक्षा तपासणीत तो अडला असता. मंडळातील एका बाईंच्या खांद्यावर राज्याच्या टार्टनची पट्टी होती. राज्यफूल आणि राज्यपक्षी असतात तसे जॉर्जियाला १९९७ पासून अधिकृत टार्टनही आहे. बॅगपाइप वाजवणाऱ्याने खालच्या दालनात एकच धून वाजवली, आणि संगमरवरी जिन्यावरून ती वर येताना शाळेतून मदतनीस म्हणून आलेली मुले कठड्याशी धावत गेली. सभागृहात सगळे सदस्य उभे राहिले आणि टाळ्याही मनापासून वाजल्या. त्या लोकांच्या डोळ्यांत मला दिसलेला आनंद खरा होता आणि तो मला मोलाचा वाटतो. आपण कुठून आलो हे राज्याच्या सर्वोच्च सभागृहात उच्चारले जावे, ही इच्छा परदेशात राहणाऱ्या मला परकी नाही.

ठराव मात्र ऐकता ऐकता मनाला टोचू लागला. त्याचा निम्म्याहून अधिक भाग आर्ब्रोथच्या जाहीरनाम्याविषयी होता. स्कॉटलंडच्या सरदारांनी ६ एप्रिल १३२० रोजी पोपला पाठवलेले हे पत्र अमेरिकेतील स्कॉटिश मंडळांना फार प्रिय आहे. याच तारखेला राष्ट्रीय टार्टन दिन मानण्याचा ठराव अमेरिकेच्या सिनेटने १९९८ मध्ये संमत केला आणि अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्या पत्राच्या धर्तीवर घडला, असेही त्यात म्हटले. अनेक इतिहासकारांना हा संबंध मान्य नाही. तो बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. सातशे वर्षांपूर्वीच्या, समुद्रापलीकडच्या मठातून निघालेल्या पत्राला एवढी जागा मिळाली, तर याच राज्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या स्कॉटिश लोकांनी स्वतःच्या सह्यांनिशी लिहिलेल्या अर्जाला एक ओळही का मिळू नये?

जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील डेरियन या गावाचा उल्लेख ठरावात होता, पण तो जमेची बाजू तेवढी सांगणारा. ऑक्टोबर १७३५ मध्ये इन्व्हरनेसहून ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ हे जहाज १७७ हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील, स्त्री-पुरुष आणि मुलांना घेऊन निघाले आणि जानेवारी १७३६ मध्ये ही माणसे आल्टामाहा नदीच्या मुखाशी वसली. फ्लोरिडातील स्पॅनिश सत्तेला तोंड देण्यासाठी जॉर्जिया या इंग्रज वसाहतीच्या दक्षिण सीमेवर लढवय्ये हवे होते, म्हणून वसाहतीचे प्रमुख जेम्स ओगलथॉर्प यांनी त्यांना मुद्दाम आणवले होते. ते पहिल्यांदा भेटीला गेले तेव्हा हायलँडर पोशाख करूनच गेले. पुढे १७४६ च्या कायद्याने खुद्द स्कॉटलंडमध्ये त्या पोशाखावर बंदी आली आणि ती १७८२ पर्यंत टिकली. म्हणजे जी चौकडी मायदेशी गुन्हा ठरली, ती या दलदलीच्या काठावर उघडपणे नांदलेली होती. हे सगळे सांगण्यासारखेच आहे. डेरियनमध्ये १९३६ साली उभारलेले गुलाबी संगमरवरी स्मारकही त्यांच्या शौर्याचेच स्मरण करते.

अर्जाची कथा त्यानंतरची. जॉर्जियाचा कारभार पाहणाऱ्या विश्वस्तांनी १७३५ मध्ये वसाहतीत गुलाम ठेवण्यास कायद्याने मनाई केली होती. शेजारच्या दक्षिण कॅरोलायनात गुलामांच्या श्रमावर भाताची शेती भरभराटीला आलेली दिसत होती, त्यामुळे सव्हाना येथील अनेक वसाहतकऱ्यांनी डिसेंबर १७३८ मध्ये ही बंदी उठवावी असा अर्ज केला. त्याला उत्तर म्हणून डेरियनच्या अठरा पुरुषांनी ३ जानेवारी १७३९ रोजी ओगलथॉर्प यांच्याकडे उलटा अर्ज दिला की बंदी उठवू नये. त्यांची पहिली कारणे व्यवहाराची होती. स्पॅनिश हद्द जवळ असून पळून येणाऱ्या गुलामांना तिथे स्वातंत्र्य जाहीर झालेले आहे, मग त्यांच्यावर पहारा कुणी करायचा. आपण स्वतः कष्टाळू माणसे आहोत. गुलाम विकत घेतले तर आपणच कर्जात बुडू. शेवटचे कारण मात्र वेगळ्या जातीचे आहे. मनुष्यजातीतील कोणत्याही वंशाला आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना कायमच्या गुलामगिरीची शिक्षा व्हावी, हे मानवी स्वभावाला हादरवणारे आहे, असे त्यांनी लिहिले. आणि आपल्या पापांसाठी हे लोक आज ना उद्या आपल्यावर चाबूक होऊन उगवतील, स्वातंत्र्य त्यांनाही आपल्याइतकेच प्रिय असणार, असेही पुढे जोडले.

ओगलथॉर्प यांनी या अर्जाला उत्तेजन दिले असावे, असे काही अभ्यासक म्हणतात. बंदी त्यांनाही हवी होती, त्यामुळे ते शक्य आहे. तरीही ते शेवटचे वाक्य लिहिण्याची सक्ती कुणी केलेली दिसत नाही. पहाऱ्याचा आणि कर्जाचा हिशेब मांडून अर्ज तिथेच संपवता आला असता. मला हे वाक्य वाचले की अंगावर काटा येतो.

सह्यांची यादीही वाचण्यासारखी आहे. जॉन मॅकिंटॉश नावाचे चार जण आहेत, त्यांतील एकाला वडिलांवरून ओळखलेले आणि बाकीच्यांना उपनावांनी. क्लार्क आडनावाच्या तिघांपुढे पहिला, दुसरा, तिसरा असे लिहिलेले आहे. आपल्या गावात चार पांडुरंग असले की मळ्यातला, वाड्यातला, सदूचा असे म्हणावे लागते, तसाच हा प्रकार. या छोट्या खुणांमुळे ते अठरा जण स्मारकावरच्या दगडी वीरांपेक्षा मला किती तरी अधिक माणसे वाटतात.

त्यांचे पुढे जे झाले ते सोपे नाही, आणि वारसा म्हणायचा तर तेही घ्यायला हवे. जून १७४० मध्ये ओगलथॉर्प यांनी स्पॅनिश फ्लोरिडातील सेंट ऑगस्टिनवर केलेल्या स्वारीत डेरियनचे हायलँडर होते. फोर्ट मोझे येथे स्पॅनिश फौजेने पहाटे हल्ला करून त्यांच्या तुकडीचा धुव्वा उडवला. अनेक जण मारले गेले आणि सह्या करणाऱ्यांत अग्रणी असलेला जॉन मोर मॅकिंटॉश कैद होऊन स्पेनला नेला गेला. फोर्ट मोझे ही इंग्रज वसाहतींतून पळालेल्या आणि स्पॅनिशांनी मुक्त केलेल्या आफ्रिकी लोकांची वस्ती होती. ती त्यांनी काही काळापूर्वीच रिकामी केली होती आणि आपली जागा परत घ्यायला आलेल्या फौजेत फ्रान्सिस्को मेनेंडेस याच्या नेतृत्वाखाली तेही लढत होते. स्वातंत्र्य त्यांनाही प्रिय असणार, हे ज्यांनी दीड वर्षापूर्वी लिहिले, त्यांचीच माणसे त्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांसमोर पडली. हे वाचताना मला असई आठवली. जालना जिल्ह्यातील त्या रणांगणावर २३ सप्टेंबर १८०३ रोजी ७४ व्या आणि ७८ व्या हायलँडर पलटणी ब्रिटिश सेनापती वेलस्लीसाठी मराठ्यांविरुद्ध लढल्या, आणि ७४ वी तर तिथे जवळजवळ कापली गेली. गरीब डोंगराळ मुलखातून माणसे उचलायची आणि साम्राज्याच्या सीमेवर नेऊन उभी करायची, ही रीत डेरियनला आणि असईला एकच होती.

गुलामगिरीवरील बंदी जॉर्जियात १ जानेवारी १७५१ पासून उठली. ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ जहाजातूनच लहानपणी आलेला लॅकलन मॅकिंटॉश हा जॉन मोरचा मुलगा पुढे सेनापती झाला. त्याच्या पुढाकाराने डेरियनच्या समितीने १२ जानेवारी १७७५ रोजी गुलामगिरीच्या प्रथेला अनैसर्गिक म्हणून पुन्हा नापसंती जाहीर केली, आणि हाच लॅकलन स्वतः भाताच्या मळ्यांवर गुलाम राबवत होता. घरातील एका पिढीने लिहिलेले वाक्य पुढच्या पिढीने पुन्हा लिहिले आणि त्याच वेळी मोडलेही.

याच मॅकिंटॉश कुळाशी नाते सांगणारा विल्यम मॅकिंटॉश, स्कॉटिश वडील आणि क्रीक आई यांचा मुलगा, क्रीक या मूलनिवासी जमातीचा प्रमुख झाला. १८२५ मध्ये त्याने जमातीची जमीन तोडून देणाऱ्या करारावर सही केली म्हणून क्रीकांच्या परिषदेच्या हुकुमाने त्याला ठार करण्यात आले. जॉर्जियाचा तेव्हाचा गव्हर्नर जॉर्ज ट्रूप त्याचा चुलतभाऊ लागत होता. दुसरीकडे चेरोकी या दुसऱ्या मूलनिवासी जमातीचा प्रमुख जॉन रॉस, जो रक्ताने बराचसा स्कॉटिश होता, जॉर्जियाच्या विधानमंडळाने १८२८ पासून केलेल्या कायद्यांविरुद्ध शेवटपर्यंत झगडला. १८३८ मध्ये त्याच्या लोकांना हाकलण्यात आले. ते कायदे ज्या विधानमंडळाने केले, त्याच्याच वारसदार सभागृहात आज आम्ही उभे राहून टाळ्या वाजवल्या. म्हणून स्कॉटिश वारशाचा ठराव इथे दोन ओळींत आटोपणारी बाब नाही, असे मला कळकळीने वाटते.

परतीच्या वाटेवर हे सगळे मी आजोबांना सांगितले. अर्ज त्यांना माहीत होता. मंडळाच्या सभेत त्याचा विषय एकदा निघाला होता, पण आनंदाच्या दिवशी गुलामगिरीचे नाव नको, असे बहुतेकांचे मत पडले. त्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही. उलट माझे म्हणणे त्यांना एवढेच आहे की अभिमान बाळगावा असे सगळ्यात मोठे काही तुमच्याकडे असेल तर ते हेच, आणि त्यासाठी कुणाच्या पराक्रमात भर घालावी लागत नाही.

शनिवार

आमच्या मतदारसंघाच्या प्रतिनिधींना पाठवायच्या पत्राचा मसुदा आज पूर्ण केला. पुढच्या वर्षीच्या ठरावात तीन गोष्टी याव्यात अशी विनंती केली आहे: ३ जानेवारी १७३९ चा अर्ज आणि त्यातील शेवटचे कारण जसेच्या तसे, १७५१ मध्ये बंदी उठल्याची नोंद, आणि फोर्ट मोझेचे नाव. आजोबा दुपारी येऊन मसुदा वाचून गेले. फोर्ट मोझेपाशी ते बराच वेळ थांबले, मग मंडळाच्या वतीने आपणही सही करू म्हणाले आणि त्यांनी एक दुरुस्ती सुचवली. अठराही नावे ठरावात यावीत, क्लार्क पहिला, दुसरा आणि तिसरा यांच्यासकट, मूळ अर्जात आहेत त्याच क्रमाने. ती मी लगेच घातली. सोमवारी पत्र टपालात पडेल.