८४ सेंटिमीटर

रविवार, १३ जुलै. फोंडा

आठवडाभर ८४ हा एकच आकडा डोक्यात घुमत होता. विहिरीच्या कठड्याला आतून बसवलेला अल्ट्रासॉनिक सेन्सर (कानाला न ऐकू येणारा आवाज सोडून, तो परतायला लागलेल्या वेळावरून अंतर मोजणारा) सांगत होता की पाणी ८४ सेंटिमीटरवर आहे. वाकून बघावं तर पाणी कितीतरी खाली. पाऊस कोसळो नाहीतर उघडो, आकडा ढिम्म.

आधी कोडवर संशय. तीनदा नव्याने लिहिला. मग जोडणीवर. हा सेन्सर चालतो ५ व्होल्टवर, त्याचे आकडे वाचणाऱ्या ईएसपी८२६६ या छोट्या वाय-फाय चिपला ३.३च्या वर झेपत नाही, म्हणून मध्ये १ आणि २ किलो-ओहमचे असे दोन रेझिस्टर घालून व्होल्टेज उतरवलंय. तो सांधा सोडवून पुन्हा डाग दिला. सोल्डर धरतं तो क्षण मला फार प्रिय आहे. आधी राखाडी गोळी हट्टाने तशीच राहते, राळेचा धूर नाकात जातो, आणि एकदम पातळ होऊन ती चांदीसारखी तांब्यावर पसरते. सांधा सुरेख झाला. आकडा तोच, ८४.

आज सकाळी तासभर उघडीप होती. टॉर्च घेऊन कठड्यावरून ओणवी झाले, तर चिऱ्यांच्या फटीतून नेच्याचं एक झुडूप पाण्यावर झुकलेलं. टेप सोडली. सेन्सरपासून बरोबर ८४! तो बिचारा आठ दिवस खरंच बोलत होता. त्याचा आवाज सरळ रेषेत जात नाही, शंकूसारखा पसरतो, आणि जे आधी आडवं येईल तिथून परततो. विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर तो देत होता. प्रश्न मी भिंतीला चिकटून विचारत होते. इतका आनंद मला कुठलीही गोष्ट पहिल्याच फटक्यात चालू झाल्यावर झालेला नाही.

नेचे तसेच ठेवले. सेन्सर कप्पीच्या दांड्याला, विहिरीच्या मधोमध बांधला. २३१. आवाज खाली जाऊन परत यायला फक्त १३ मिलिसेकंद! (मे महिन्यात पाणी तळाला जातं तेव्हा हा गप्पच बसणार, त्याची धाव ४ मीटरची. तेव्हाचं तेव्हा बघू.)

बाबा चहाचा कप घेऊन मोबाइलवरचा आकडा बघत उभे होते. काही बोलले नाहीत. पडवीतून दोरी आणली, टोकाला दगड बांधला, पाण्याला टेकेपर्यंत सोडली, आणि वर ओढून कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजत गेले.

"पाच हात आणि चार बोटं गो."

मी त्यांचाच हात धरून टेप लावली. ४५ सेंटिमीटर. चार बोटं मिळून ७. गुणाकार वर्तमानपत्राच्या कडेला केला, आणि बाबा चष्मा लावून तो तपासायला बसले.