चतुःसीमा

गेल्या महिन्यात बाचीकडचे एक म्हातारे आले होते. जमीन विकायची नव्हती, दोन मुलांत वाटून द्यायची होती. मी बेळगावात बॉण्ड रायटर आहे. 27 वर्षं झाली, खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, हेच लिहितोय. दस्त कन्नडात करायचा असला तरी पक्षकाराशी बोलणं मराठीतच होतं. उतारा पुढ्यात घेऊन नेहमीसारखं विचारत गेलो. पूर्वेला कोण? चुलत भाऊ. दक्षिणेला? ओढा. उत्तरेला? गाडीवाट. पश्चिमेला?

म्हातारे जरा थांबले. "पश्चिमेला महाराष्ट्र वो."

दस्तात असं लिहिता येत नाही. लगतचा सर्व्हे नंबर लागतो, नाहीतर नाला, रस्ता, काहीतरी बोट दाखवण्यासारखं. राज्य हा काही शेजारी नव्हे. पण ते म्हणाले ते खोटंही नव्हतं. त्यांच्या बांधापलीकडे शिनोळी, ता. चंदगड, जि. कोल्हापूर.

शिनोळी हे माझ्या आजीचं माहेर. ती लग्न होऊन तुरमुरीला आली तेव्हा दोन्ही गावं बेळगाव जिल्ह्यातच होती आणि जिल्हा मुंबई इलाख्यात. 1 नोव्हेंबर 1956 ला सकाळी ती उठली तेव्हा माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या. सायकलवर अर्ध्या तासाचं अंतर. तिला हे कळायला म्हणे आठवडा गेला, कारण भात कापणीचे दिवस होते.

हा बदल ज्या कागदाने झाला तो मी धंद्याच्या नजरेने वाचलाय. राज्य पुनर्रचना कायदा, 1956, कलम 7. नव्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, काय काय जाणार याची यादी त्यात आहे. मुंबई राज्यातले विजापूर, धारवाड, कानडा (म्हणजे कारवारकडचा) आणि बेळगाव जिल्हा, "चंदगड तालुका वगळून". एवढंच. आजीचं माहेर या तीन शब्दांत वेगळं पडलं. माझ्याकडे कोणी दोन गुंठ्यांचा प्लॉट घेऊन आला तर मी चारी बाजू लिहून घेतो, फूट-इंच घालतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. इथं अख्खा जिल्हा हस्तांतरित झाला आणि चतुःसीमा नाही, मुद्रांक नाही, देणाऱ्याची सही नाही.

सरकारी जमिनींचं तर आणखी गमतीचं. गायरान, सरकारी पड, जंगल, कचेऱ्या, गोदामातलं सामानसुद्धा. त्याच कायद्यात मालमत्तेच्या वाटणीचा भाग आहे आणि त्याचा मुख्य नियम साधा आहे: जमीन ज्या नव्या राज्याच्या हद्दीत पडेल, त्या राज्याची. आमच्या गावचं गायरान 31 ऑक्टोबरच्या रात्री मुंबई सरकारचं होतं, सकाळी म्हैसूर सरकारचं. त्यावर चरणाऱ्या म्हशींना कळलं नाही ते बरंच.

कायदे मात्र हद्दीबरोबर सरकले नाहीत. कलम 119 म्हणतं की हद्द बदलली तरी त्या मुलखात लागू असलेला कायदा, कुणी तो बदलेपर्यंत, तसाच चालू राहील. त्यामुळे आजोबांनी कुळाची केस लढवली ती म्हैसूरच्या हाकिमापुढे, पण मुंबईच्या 1948 च्या कूळकायद्याखाली. म्हैसूरचा स्वतःचा जमीन सुधारणा कायदा 1961 चा, तो प्रत्यक्ष लागू झाला 1965 त. मधली नऊ वर्षं आमची जमीन एका राज्यात होती आणि तिचा कायदा दुसऱ्या राज्याचा. आजोबा केस जिंकले. कोणत्या राज्याचे आभार मानायचे ते त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

हे सगळं सांगायचं कारण, ऑफिसबाहेरच्या चहाच्या गाड्यावर रोज एकच वाक्य ऐकतो: "सुप्रीम कोर्टाचा निकाल लागू दे, मग बघा." महाराष्ट्राने 2004 साली घटनेच्या कलम 131 खाली दावा लावलाय, कर्नाटकातली 865 गावं मिळावीत म्हणून, हे खरं आहे. दोन राज्यांचं भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात नेण्याची वाट तीच. पण रेघ ओढायची लेखणी कोणाच्या हातात दिली आहे हे पाहायचं तर कलम 3 उघडावं लागतं. तिथं लिहिलंय की नवं राज्य करणं, एखाद्याचा मुलूख वाढवणं, कमी करणं, हद्द बदलणं, नाव बदलणं, हे संसद कायदा करून करू शकते. राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय विधेयक मांडता येत नाही आणि त्याआधी ते संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मत विचारायला पाठवावं लागतं. मत. संमती नव्हे. तेही राष्ट्रपतींनी दिलेल्या मुदतीत. ही मुदतीची अट 1955 च्या पाचव्या घटनादुरुस्तीने आली, म्हणजे राज्य पुनर्रचनेच्या तोंडावरच. वेळ बघा.

पुढचं कलम 4 म्हणतं, असा कायदा म्हणजे घटनादुरुस्ती समजायची नाही. दोन तृतीयांश नको, साधं बहुमत पुरे. पंचायतीत ठराव करावा तसं.

राज्याचं मत किती वजनाचं असतं? 2014 च्या जानेवारीत आंध्र प्रदेश विधानसभेने राज्य तोडण्याचं विधेयक फेटाळलं. जूनमध्ये तेलंगण झालं. मुंबईचं उदाहरण तर आपल्याच घरातलं. 1956 ला विधिमंडळाकडे मतासाठी आलेल्या विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई असे तीन तुकडे होते. संसदेने मंजूर केलं ते द्विभाषिक मुंबई राज्य. त्यावर बाबूलाल पराते न्यायालयात गेले: आम्हाला विचारलं एक, केलं भलतंच. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, एकदा विचारलं की पुरे, संसद नंतर विधेयकात दुरुस्ती करू शकते, प्रत्येक बदलाला पुन्हा विचारायची गरज नाही.

म्हणून 2022 च्या डिसेंबरात कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळांनी पाच दिवसांच्या अंतराने एकमेकांविरुद्ध ठराव केले तेव्हा गाड्यावर दोन दिवस गरमागरम चर्चा झाली आणि मी गप्प भजी खात बसलो. 'इंचभरही जमीन देणार नाही' हे वाक्य दोन्हीकडचे पुढारी बोलतात. द्यायचा अधिकार दोघांनाही नाही.

माझा भाचा अमेरिकेत नेव्हाडात असतो. त्याला हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, मामा, इथं उलटं आहे. तिथल्या घटनेत चौथ्या कलमाच्या तिसऱ्या विभागात लिहिलंय की एखाद्या राज्यातून नवं राज्य काढायचं तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती हवीच. मात्र त्याच विभागात, लगेच पुढे, देशाच्या मालकीच्या जमिनींची व्यवस्था काँग्रेसकडे दिलीय. आणि नेव्हाडाची जवळजवळ 80 टक्के जमीन केंद्र सरकारची आहे. म्हणजे राज्याच्या रेषेला हात लावायचा नाही, आतली माती मात्र केंद्राची. आपल्याकडे जमीन हा राज्यसूचीतला विषय, गायरान राज्याचं, पण राज्याची रेष संसदेच्या हातात. मी दोन दिवस या अदलाबदलीवर विचार करत होतो.

अर्थात केंद्राची माती आपल्याकडेही आहे. बेळगावात कॅम्पात जा. छावणीची हद्द ठरवणं केंद्रसूचीत येतं. तिथल्या जुन्या बंगल्यांचे कागद घेऊन लोक येतात, मी 'ओल्ड ग्रँट' हे शब्द वाचतो आणि कागद परत देतो. घर तुमचं, खालची जमीन भारत सरकारची, आधी परवानगी आणा. उद्या रेष कुठंही सरकली तरी कॅम्पातल्या जमिनीचा मालक तोच राहील. दोन राज्यं ज्या शहरासाठी भांडतात त्याच्या ऐन मधला तुकडा दोघांचाही नाही.

मग संसद करत का नाही? करता येतं हे तिने दाखवलंय. आंध्र आणि मद्रास यांच्यातली गावं 1959 च्या कायद्याने इकडची तिकडे झाली. त्या वादात मध्यस्थ असलेल्या पाटसकरांनी गाव हा घटक धरला होता, भाषा आणि सलगता बघितली होती. आमच्या वाट्याला महाजन आयोग आला. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर 1966 त नेमला, 1967 त अहवाल. 264 गावं महाराष्ट्राला, त्यात निपाणी, खानापूर, नंदगड. 247 गावं कर्नाटकाला. बेळगाव शहर कर्नाटकातच. महाराष्ट्राने नाकारला, कर्नाटक तोच शेवटचा शब्द म्हणतं. पण आयोगाचा अहवाल म्हणजे कच्चा मसुदा. नोंदणी होईपर्यंत त्याला आमच्या धंद्यात किंमत नाही आणि नोंदणी दिल्लीतच होते. दोन्ही राज्यांतले खासदार दुखवून हा मसुदा टेबलावर कोण घेणार? लेखणी आहे, हात उचलत नाही, असं माझं मत. गाड्यावर हे मत कुणालाच पटत नाही, दोन्ही बाजूंना.

आजी गेल्यावर शिनोळीच्या जमिनीत तिचं नाव निघालं. वारस नोंदीसाठी मी मृत्यूचा दाखला घेऊन पलीकडच्या एका कार्यालयात गेलो. दाखला कन्नड, तिथल्या बाईंनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि भाषांतर आणा म्हणाल्या. मी म्हटलं, मीच करून देतो, माझा धंदाच तो. म्हणाल्या, वारसाने स्वतः केलेलं चालत नाही. अलीकडच्या कार्यालयात गेलो तर ते म्हणाले, मराठी आमच्याकडे नाही. चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला एका मित्राने माझ्याच समोर बसून, मी सांगेन तसं, भाषांतर लिहिलं आणि खाली सही केली.

तर बाचीच्या म्हाताऱ्यांचा दस्त. पश्चिमेस शिनोळी गावची शीव, असं लिहायचं ठरलं. शीव जुनी आहे, राज्यांच्या कितीतरी आधीची. दगड अजून जागेवर आहे, दसऱ्याला त्याला शेंदूर लागतो. मसुदा छापून आणला आणि शब्द शब्द वाचून दाखवू लागलो, कारण त्यांना कन्नड येत नाही. पश्चिमेशी आलो आणि कागदावर होतं तसंच वाचलं, "शिनोळी ग्रामद गडी."

म्हातारे दचकून पुढे सरकले. "कुठला गडी? त्या बाजूला आपण कुणाला कामावर ठेवलेला नाही."

"गडी म्हणजे हद्द, काका. कन्नडात."

"असं होय," म्हणाले. "मग राहू दे." आणि अंगठ्यासाठी हात पुढे केला.